चौथी सीट आणि सहावा स्लॉट

सुपरहिरो गेममधला सर्वांत निष्काळजीपणे लिहिला जाणारा भाग म्हणजे अपग्रेडचा पडदा. पोशाख, शहराचा नकाशा, लढाईचे ॲनिमेशन यांवर महिनोन्महिने घालवणारी टीम शेवटच्या पंधरवड्यात ‘डॅमेज +१०%’, ‘रीचार्ज +१५%’ असे चार चौकोन टाकून मोकळी होते. त्यातला कोणता घेतला तर खेळाडूचा जास्त फायदा, हे विचारले तर करणाऱ्यालाही चटकन सांगता येत नाही.

या महिन्याचे संपादकीय त्या चार चौकोनांबद्दल आहे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली पट्ट्यात गेम करणाऱ्यांच्या टीम छोट्या असतात. कुणी दिवसा अंधेरी-पवईच्या कंपनीत काम करून रात्री घरी स्वतःचा गेम उभा करतो, कुणी कॉलेजातला प्रोजेक्टच पुढे नेतो. बॅलन्सिंगसाठी वेगळी माणसे ठेवणे त्यांना परवडत नाही. म्हणून हिशेब आधी कागदावर चोख व्हायला हवा. तो शिकण्यासाठी एक जुना गेम आजही उपयोगी आहे.

क्रिप्टिक स्टुडिओजचा ‘सिटी ऑफ हीरोज’ एप्रिल २००४ मध्ये आला. प्रकाशक होते एनसीसॉफ्ट. ३० नोव्हेंबर २०१२ रोजी त्याचे अधिकृत सर्व्हर बंद झाले, २०१९ मध्ये चाहत्यांनी आपले सर्व्हर सुरू केले आणि त्यातल्या ‘होमकमिंग’ला जानेवारी २०२४ मध्ये एनसीसॉफ्टने रीतसर परवाना दिला. वीस वर्षांनंतरही लोक त्यातल्या बिल्डवर, म्हणजे हिरोच्या शक्ती आणि अपग्रेड यांच्या जुळणीवर, वाद घालतात, याचे मोठे श्रेय अपग्रेडच्या रचनेला जाते. एकूण लेव्हल ५०. काही लेव्हलना नवी शक्ती मिळते, मधल्या लेव्हलना जुन्या शक्तींसाठी स्लॉट मिळतात. प्रत्येक शक्तीला एक स्लॉट आपोआप असतो आणि जास्तीत जास्त सहा देता येतात. पन्नासाव्या लेव्हलपर्यंत २४ शक्ती निवडता येतात. त्या सगळ्या भरायच्या तर १२० जादा स्लॉट लागतील, हाती मात्र ६७च पडतात. ही टंचाई मुद्दाम ठेवलेली आहे. सगळे काही मिळणार असेल तर निवड कसली?

स्लॉटमध्ये काय भरायचे, हा पुढचा प्रश्न. साधी एन्हान्समेंट डॅमेज सुमारे ८.३ टक्क्यांनी वाढवते, मधली १६.७ टक्क्यांनी आणि हिरोच्या मूळ प्रकारासाठी खास बनलेली ३३.३ टक्क्यांनी. सुरुवातीला सहाही स्लॉटमध्ये डॅमेज भरले की मारा तिप्पट होई. साहजिकच खेळाडू तेच करत, आणि वेगवेगळ्या शक्तींचे बिल्ड एकाच छापाचे होऊ लागले. २००५ च्या अखेरीस कंपनीने नियम बदलला. डॅमेजची पहिली ७० टक्के वाढ पूर्ण धरायची, ७० ते ९० मधला भाग नव्वद टक्के दराने, ९० ते १०० मधला सत्तर टक्के दराने, आणि शंभराच्या पुढचे फक्त पंधरा टक्के दराने. आता तीन स्लॉटमध्ये ९५ टक्के वाढ मिळते आणि चौथा तीत अवघ्या ५ टक्क्यांची भर घालतो. डोंबिवली फास्टमध्ये तिघे बाकावर टेकून बसतात आणि चौथी सीट पकडणारा काठावर अर्धा लटकतो, तसे त्या चौथ्या स्लॉटचे होते.

नियम योग्य होता, पण तो दीड वर्ष उशिरा आला. खेळाडू भडकले, कारण त्यांनी कमावलेली ताकद एका अपडेटने काढून घेतली होती. आपल्यासाठी यातला पहिला धडा असा: घटत जाणारा फायदा पहिल्या दिवसापासून गेममध्ये असावा. जो लाभ कधी मिळालाच नाही त्याबद्दल कुणी भांडत नाही, मिळालेला परत घेतला की भांडण होते.

आता तुलनेचा हिशेब. पडद्यावर छापलेला टक्का आणि लढाईत मिळणारा फायदा यांत फरक असतो, हे तीन उदाहरणांत पाहू.

पहिले उदाहरण नेमाचे. या गेममध्ये आपल्याच लेव्हलच्या शत्रूवर हल्ला लागण्याची मूळ शक्यता ७५ टक्के आणि कमाल ९५ टक्के. नेमाची एकच खास एन्हान्समेंट लावली की आपण थेट ९५ वर पोचतो. समजा चार स्लॉट आहेत. चारांतही डॅमेज भरले तर मारा दुप्पट, पण लागणार ७५ टक्के वेळा, सरासरी दीडपट. तीन डॅमेज आणि एक नेम भरला तर १.९५ गुणिले ०.९५, म्हणजे १.८५ पट. सहाच्या सहा स्लॉट डॅमेजला दिले तरी सरासरी १.५८ च्या पुढे जात नाही. म्हणजे चार स्लॉटचा समजूतदार बिल्ड सहा स्लॉटच्या हावरट बिल्डला हरवतो. चौकोनावर मात्र दोन्ही ठिकाणी तेच ‘+३३%’ छापलेले असते.

दुसरे उदाहरण रीचार्जचे. इथे वाढ वेळेतून वजा होत नाही, वेळेला भागते. बारा सेकंदांच्या शक्तीला ९५ टक्के रीचार्ज दिला तर १२ भागिले १.९५, म्हणजे ६.१५ सेकंद. त्यात हल्ल्याचे दोन सेकंदांचे ॲनिमेशन कमी होत नाही. म्हणून चौदा सेकंदांचे चक्र सव्वाआठ सेकंदांच्या आत येते आणि मारा १.७२ पट होतो. तेवढेच स्लॉट डॅमेजला दिले असते तर १.९५ पट झाला असता. पण शक्ती शत्रूला जखडून ठेवणारी असेल, तर तिला डॅमेज काय कामाचे? तिथे रीचार्जच हवा. कोणती अपग्रेड श्रेष्ठ, हे ती कोणत्या शक्तीला लावायची यावर ठरते. ज्या गेममध्ये या प्रश्नाचे सगळीकडे एकच उत्तर येते, तिथे अपग्रेडचा पडदा निव्वळ शोभेचा.

तिसरे उदाहरण बचावाचे, आणि नवख्या डिझायनरला ते हमखास चकवते. शत्रूचा हल्ला लागण्याची मूळ शक्यता ५० टक्के, किमान ५. खेळाडूचा बचाव शून्यावरून ५ टक्क्यांवर गेला तर शंभरात ५० ऐवजी ४५ हल्ले लागतात. मार दहा टक्क्यांनी कमी होतो. तोच बचाव ४० वरून ४५ वर गेला तर १० ऐवजी ५ हल्ले लागतात. मार निम्मा होतो. ४५ च्या पुढचा प्रत्येक टक्का नेहमीच्या शत्रूपुढे वाया जातो. दोन्ही वेळी चौकोनावर ‘बचाव +५%’ एवढेच दिसते. त्याऐवजी ‘शंभरातले किती हल्ले लागतील’ हा आकडा दाखवला, तर आठवीतला मुलगाही योग्य निवड करील.

याला जोडून आणखी एक खाच. शत्रूची ताकद १०० आणि आपला हल्ला ४० चा असेल तर तीन फटके लागतात. तो ४९ चा झाला तरी तीनच. ५० झाला की दोन. म्हणजे बावीस टक्क्यांहून मोठी अपग्रेड हवेत विरते आणि पुढचा एक आकडा लढाई फिरवतो. शत्रूंच्या ताकदीचा तक्ता आणि अपग्रेडचा तक्ता वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या फायलींत बनवला की हा घोटाळा ठरलेला. दोन्ही तक्ते एकाच पानावर ठेवा.

‘सिटी ऑफ हीरोज’ने मे २००७ मध्ये एन्हान्समेंटचे संच आणले. एकाच संचातले तुकडे एका शक्तीत भरले की साऱ्या हिरोला वरून बोनस मिळू लागला. त्याला लगाम म्हणून साधा नियम होता: एकच बोनस पाचांहून जास्त वेळा मोजायचा नाही. पुढे एकाच हिरोचे वेगवेगळे बिल्ड ठेवण्याची सोयही आली, आणि लावलेले स्लॉट मोडून पुन्हा लावण्याची रीस्पेकची वाट तर आधीपासून होती. सुरुवातीची काही वर्षे मात्र गेममध्ये खरे आकडे दिसत नसत. खेळाडूंनी ते मोजून काढले, ‘मिड्स हीरो डिझायनर’सारखे साधन स्वतः बनवले, आणि नंतर गेमनेही आकडे उघड केले. आकडे लपवून गूढ वाढत नाही. खेळाडूला गेमबाहेर जाऊन उत्तर शोधावे लागते, एवढेच होते.

मोबाइल आल्यावर चित्र बदलले. ‘मार्व्हल फ्युचर फाइट’सारख्या २०१५ च्या गेममध्ये पात्राच्या ‘बायोमेट्रिक’ नावाच्या वस्तू गोळा करून त्याचे तारे वाढवायचे असतात. तिथे निवड कमी आणि गोळा करणे जास्त, आणि थांबायचे नसेल तर पैसे मोजायचे. आत काय निघेल हे नशिबावर सोडणाऱ्या पेट्यांना बेल्जियमच्या नियामकाने २०१८ मध्ये जुगारात धरले. ॲपलने तर डिसेंबर २०१७ मध्येच अशा पेट्यांमधली प्रत्येक प्रकारची वस्तू मिळण्याची शक्यता जाहीर करणे बंधनकारक केले.

आपल्याकडे संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. पैसे किंवा त्याच्या बदली चालणारे कॉइन, टोकन लावून पैशाच्या परताव्याची आशा ठेवायची असा कोणताही खेळ, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा, त्याने मना केला. असा गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. सामाजिक गेमला वर्गणी किंवा एकदाच प्रवेश शुल्क घेण्याची मुभा आहे, ती रक्कम पणाला लागत नसेल तर. विकत घेतलेली अपग्रेड पुन्हा विकून रोख करता येईल, अशी व्यवस्था गेममध्ये ठेवणाऱ्याने आधी वकील गाठावा. शिवाय २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठराच्या आतला प्रत्येक जण बालक मानला आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे. सुपरहिरोचा गेम करताना ही मुले आपले खेळाडू नाहीत, असे सांगायला कुणाची जीभ रेटणार नाही.

ताकद न विकताही मोठे होता येते, याचा दाखला आपल्याच अंगणात आहे. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीने २०१६ मध्ये ‘लुडो किंग’ आणला आणि २०२० च्या टाळेबंदीत तो घराघरांत पोचला. त्यात फासा सर्वांना सारखाच. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा ‘राजी’ २०२० मध्ये आला तेव्हा पुराणातल्या देवांच्या शक्ती हाताळणारी नायिका जगभरच्या कन्सोलवर पोचली. तो एकट्याने खेळायचा गेम असल्याने तिथे एखादी शक्ती वरचढ ठरली तरी दुसऱ्या कुणाचे नुकसान होत नाही. ऑनलाइन गेममध्ये ते होते, आणि बॅलन्सचे सगळे ओझे तिथूनच येते.

आपल्या खेळाडूची परिस्थितीही रचनेत यायला हवी. घोडबंदर रोडच्या सोसायटीत फायबर आणि पीसी घेऊन बसलेला मुलगा एक, आणि दिव्याहून उभ्याने लोकलने जाणारा दुसरा. दुसऱ्याचा एक हात वरच्या कडीला असतो, उरलेल्या अंगठ्याने तो खेळतो. डोंबिवली, कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे या टप्प्यात नेटवर्क जाते-येते. अपग्रेडचा निर्णय दोन स्टेशनांच्या अंतरात वाचून, समजून, घेऊन झाला पाहिजे. पडद्यावर तीनच पर्याय, प्रत्येकाखाली ‘आता इतके, नंतर इतके’ असे दोन आकडे, आणि कनेक्शन तुटले तरी घेतलेला निर्णय फोनमध्ये सुरक्षित. सेव्ह न होता हरवलेली अपग्रेड खेळाडू विसरत नाही.

पर्यायांची तुलना करून या मासिकाचे मत असे. नुसते आकडे वाढवणारी लेव्हलची शिडी बनवायला सोपी, पण तिच्यात निवड नाही. संच आणि बोनस यांची रचना श्रीमंत, पण छोट्या टीमला ती सांभाळणे जड जाते. पहिल्या गेममध्ये तिच्या वाटेला जाऊ नये. नशिबाची पेटी पैसा आणते, पण विश्वास घालवते आणि कायद्याच्या कडेने चालते. मोजके स्लॉट, पहिल्या दिवसापासून घटत जाणारा फायदा, उघड मर्यादा आणि फुकट रीस्पेक ही रचना छोट्या टीमसाठी सर्वांत भरवशाची आहे. पैसे हवेतच, तर पोशाख विका, रंग विका, नवे प्रकरण विका. ‘सिटी ऑफ हीरोज’चे जादा पोशाखही लोक पैसे देऊन घेत होते. ताकद मात्र सर्वांना खेळूनच मिळू द्या.

वाचकांना एक आग्रहाची विनंती. पुढच्या आवृत्तीला हात घालण्याआधी तुमच्या गेममधली प्रत्येक अपग्रेड एका तक्त्यात मांडा: छापलेला टक्का, नेम आणि वेळ धरून मिळणारा खरा फायदा, आणि एक शत्रू पाडायला लागणारे फटके. ज्या ओळीत खरा फायदा कुठल्याच शक्तीसाठी पहिला येत नाही, ती अपग्रेड काढून टाका. आणि जी सगळीकडे पहिली येते, ती गेम बाजारात जाण्याआधी दुरुस्त करा.