मोझांबिकची तूर, आपले वरण
२०१६ मध्ये भारत आणि मोझांबिक यांच्यात डाळींचा करार झाला. आयात वर्षाला १ लाख टनांवरून टप्प्याटप्प्याने २ लाख टनांवर न्यायचे ठरले. तिथला छोटा शेतकरी तूर पिकवतो, ती मुख्यतः आपल्या ताटासाठी. दोन्हीकडचे नाते तसे जुने: १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातून चाले. ते नाते पोर्तुगीज सत्तेने लादलेले, आजचे परस्परांच्या गरजेचे. मात्र २०२३ च्या अखेरीस मोझांबिकच्या नाकाला बंदरात तुरीची निर्यात वादात अडकली आणि हा धागा किती नाजूक आहे ते दिसले. इकडे ऐन सुगीत आयात आली, की लातूर-अकोल्याच्या बाजार समित्यांत भाव गडगडतो. म्हणून आयातीचे प्रमाण सरकारने पेरणीपूर्वीच जाहीर करावे. मैत्री टिकवायची, तर दोन्हीकडच्या शेतकऱ्यांना हिशेब आधी कळायला हवा.