व्रत फांदीचे नव्हे, वनाचे

आज वटपौर्णिमा. सावित्रीची कथा महाभारताच्या वनपर्वात येते. तिने यमधर्मास गाठले ते अरण्यात, बाजारातून आणलेल्या तोडक्या फांदीपुढे नव्हे. वृक्ष हवेतील कर्बवायू शोषून त्यातील कर्ब खोडात, मुळांत साठवितो. तापणाऱ्या पृथ्वीस हा मोठाच आधार. तारापूरच्या कारखान्यांशेजारी राहणाऱ्यांस हे अधिक पटावे. आपल्याच जिल्ह्यातील डहाणू तालुका केंद्र सरकारने १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित केला. परंतु केवळ घोषणेने वन उगवत नाही, परदेशी गुलमोहराच्या रांगांनीही नाही. इथल्या मातीचे ऐन, मोह, कळंब, वड एकत्र नांदतील तेव्हाच वन. माताभगिनींनो, फांदी विकत घेऊ नका. सावित्रीचे व्रत तीन रात्रींचे होते. आपण या पावसाळ्यात गावच्या उजाड टेकडीवर रोप लावून ते तीन वर्षे जगविण्याचे व्रत घेऊ या.