जुन्या जीपचे वायरिंग
महिंद्राने १९४० च्या दशकात मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्या घराण्यातली जुनी जीप रत्नागिरीत पुन्हा उभी करताना पत्र्याइतकेच लक्ष वायरिंगकडे द्यावे लागते. येथे वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, शिवाय समुद्रावरची हवा खारी. वरून धड दिसणाऱ्या वायरीचे आवरण सोलले, की आतली तांब्याची तार हिरवी किंवा काळी पडलेली आढळते. अशी वायर तापते आणि दिवे मंदावतात. कामाला हात घालण्यापूर्वी बॅटरी सोडवावी, प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांधून कागदावर आराखडा काढावा. सुरुवातीच्या विलीज जीप ६ व्होल्टच्या होत्या. १२ व्होल्ट करायचे तर बल्ब, कॉइल आणि डायनॅमोही बदलणे आले. हेडलाइटला पुरेशी जाड वायर आणि स्वतंत्र फ्यूज द्यावा. पत्र्याच्या भोकातून वायर नेताना रबरी ग्रोमेट बसवावे, नाहीतर धारेवर घासून शॉर्ट होतो. अर्थिंगची जागा रंग आणि गंज खरवडून चकचकीत करावी, बोल्ट घट्ट आवळावा, वर पेट्रोलियम जेली लावावी. जुन्या गाडीतले कितीतरी बिघाड या एका बोल्टपाशीच सुरू होतात.