माशाने संकट घेतलं म्हणे!

आधीच सांगून टाकतो, ही पोस्ट आत्याला आवडणार नाही. ती इथलं सगळं वाचते, प्रतिक्रिया कधीच देत नाही, थेट फोन करते. तर आत्या, फोन कर, पण शेवटपर्यंत वाचून मग कर.

झालं असं. २०२५ च्या ऑगस्टमधली एक सकाळ. दूध तापत ठेवून हॉलमधल्या टाकीपाशी गेलो, तर दोन्ही क्लाउनफिश तळाला आडवे. निळा डॅमसेल फिल्टरच्या तोंडाला चिकटलेला. शंखातला खेकडा शंखाबाहेर लोंबलेला आणि आमची लाडकी झाडूवाली, म्हणजे लाल पाठीवर पांढरा पट्टा असलेली क्लीनर श्रिंप, उताणी पडलेली. खाऱ्या पाण्याची साठ लिटरची टाकी, चौदा महिने तळहातावरच्या फोडासारखी जपलेली. आदल्या रात्री साडेनऊला मीच खायला घातलं होतं, तेव्हा सगळे ठणठणीत होते.

आमची लेक नऊ वर्षांची. त्याच्या आधीच्या आठवड्यात ती तापाने फणफणली होती. डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह आली, ताप उतरला, पण घर हादरलेलंच होतं. आत्या मदतीला म्हणून आमच्याकडे राहायला आलेली. तिने टाकीकडे बघितलं, हात जोडले आणि म्हणाली, "जाऊ दे रे. पोरीवरचं संकट माशांनी अंगावर घेतलं."

झालं! बायकोने मान डोलावली. शेजारच्या काकू म्हणाल्या, आमच्याकडेपण अगदी असंच झालं होतं, ह्यांच्या ऑपरेशनच्या वेळी. पाच मिनिटांत घरातलं वातावरण हलकं झालं, मृत्यूची जागा जवळजवळ आनंदाने घेतली. मलाही क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

रात्री अंथरुणात लेकीने विचारलं, "बाबा, मला ताप आला म्हणून मेले ना ते?"

मंडळी, माझं डोकं तिथे फिरलं. ज्या वाक्याने आम्हा चार मोठ्यांना हलकं वाटलं, त्याचं सगळं ओझं त्या पोरीच्या छातीवर जाऊन बसलं होतं.

मुळात ही समजूत आपली आहे तरी का? माझ्या आजोळी आड होता, आडात मासे होते, ते मरायचेही. आजी बादलीने काढून आंब्याच्या बुंध्याशी टाकायची, संकटबिंकट काही नाही. हे घरातली पीडा ओढून घेणारे मासे फेंगशुईबरोबर आले असावेत असा माझा संशय आहे. आठ सोनेरी आणि एक काळा गोल्डफिश ठेवा, तो काळा सगळं वाईट शोषून घेतो वगैरे. पाहुणी म्हणून आलेली गोष्ट पंचवीस-तीस वर्षांत घरची मालकीण होऊन बसली आणि आता आत्या ती वेदांत लिहिल्यासारखी सांगते.

पण एकट्या आत्यालाच कशाला बोल लावू? दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "पाणी मानवलं नसेल साहेब. औषध देतो, बाटलीभर टाका, आणि नवी जोडी आलीये." चौदा महिन्यांनंतर पाणी मानवलं नाही! शिवाय अशा औषधांत बऱ्याचदा तांबं असतं. त्याने माशांवरचे परजीवी मरतात हे खरं, पण गोगलगायी आणि कोळंब्याही मरतात. म्हणजे जे वाचले होते तेही गेले असते. मासे पाळणाऱ्या एका मित्राने तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत निदान केलं, "अमोनिया!" मी मोजलं, थोडा निघाला. तो म्हणाला, बघ. अरे, पण रात्रभर पाण्यात पाच मढी पडली होती, अमोनिया निघणारच! मढ्यापाशी माश्या दिसल्या म्हणून माश्यांनी खून केला असं म्हणतं का कोणी?

आत्याचं संकट, दुकानदाराचं पाणी आणि मित्राचा अमोनिया, तिन्हींचं काम एकच. प्रश्न मिटवायचा.

मग मी वही घेऊन बसलो. पहिला प्रश्न, किती वेळात मेले? एकेक करून आठवडाभरात मेले असते तर रोग, मारामारी, उपासमार यांचा विचार केला असता. सगळे एका रात्रीत गेले म्हणजे पाण्यातच काहीतरी बदललं. दुसरा प्रश्न, प्राणवायू? खाऱ्या पाण्यात तो गोड्या पाण्यापेक्षा साधारण पाचव्या हिश्श्याने कमीच मावतो, आणि पाणी जितकं गरम तितका आणखी कमी. लहान टाकीत रात्री वीज गेली तर मासे सकाळपर्यंत गुदमरू शकतात. पण त्या रात्री वीज गेली नव्हती, पंप चालू होता. तापमान २७. खारटपणा १.०२५, नेहमीचाच. (नवशिक्यांसाठी: टाकीतलं पाणी उडतं, मीठ उडत नाही. म्हणून उडालेल्या पाण्याची भर साध्या गोड्या पाण्याने घालायची, मिठाच्या पाण्याने नाही. हे न समजल्यामुळे मी सुरुवातीला काय काय केलंय ते पुन्हा कधीतरी.)

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच कोणी विचारत नाही. वाचलं कोण? काचेवर तीन गोगलगायी आरामात फिरत होत्या. आता जुळवा. माशांना मखमल रोग झाला असता तर मासे मेले असते, पण कोळंबीला त्याचं काही नसतं. तांबं असतं तर आधी कोळंबी आणि गोगलगायी गेल्या असत्या, मासे बहुधा तरले असते. इथे मासे गेले, कोळंबी गेली, खेकडा गेला आणि गोगलगायी ढिम्म! असं विष कुठलं? कोळंबी आणि खेकडा हे नात्याने किड्यांचे चुलत भाऊ. म्हणजे जे किड्यांना मारतं ते.

आणि मला घाम फुटला.

ताप, डेंग्यूची भीती, डास. आदल्या रात्री दहा वाजता, बाहेर पाऊस म्हणून खिडक्या लावून, सोफ्याखाली, पडद्यामागे आणि टाकीच्या खालच्या कप्प्यात डासांचा फवारा मारला होता. मी. स्वतः. त्याच कप्प्यात हवेचा पंप ठेवलेला. तो पंप खोलीतली हवा ओढतो आणि बुडबुडे करून पाण्यात सोडतो, अखंड, रात्रभर. फवाऱ्यातलं औषध पायरेथ्रॉइड जातीचं. शेवंतीच्या कुळातल्या एका फुलात असणाऱ्या विषाची ही कारखान्यात केलेली भावंडं, नावाच्या शेवटी बहुधा 'थ्रिन' असतं. माणसाचं शरीर ते झटपट मोडून टाकतं, माशाला ते नीट जमत नाही, आणि कल्ल्यांतून ते थेट रक्तात जातं. लिटरभर पाण्यात ग्रॅमचे काही दशलक्षांश एवढं पुरतं. साठ लिटरचा हिशेब केला तर मिठाच्या चार-सहा कणांचं वजन. समुद्रात ते कुठल्या कुठे विरलं असतं, आमच्या टाकीत विरायला जागाच नव्हती.

डब्यावर बारीक अक्षरांत लिहिलंय, माशांची टाकी झाकून पंप बंद करा म्हणून. वाचलं कधी? दुसऱ्या दिवशी.

आणखी एक गोष्ट आहे, ती लिहू की नको असं चाललं होतं. त्या रात्री साडेदहाला लेक उठून आली होती. "बाबा, मासे वेडेवाकडे पळतायत, काचेवर आपटतायत." मी मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणालो, "खेळत असतील. झोप आता." हे विष मज्जातंतूंवर जातं, मासे असेच पळतात. तेव्हाच पंप बंद करून अर्धं पाणी बदललं असतं, कार्बन टाकला असता, तर एखादा वाचलाही असता. क्लाउनफिश टाकीत वीस वर्षं जगल्याच्या नोंदी आहेत. आमचे दोघे दोनाचेही नव्हते.

आता आत्या म्हणणार, "बघ, म्हणजे पोरीसाठीच गेले ना शेवटी? मी तेच म्हणत होते!" नाही गं आत्या. घेतलं आणि घातलं यात फरक आहे. त्यांनी काही अंगावर घेतलं नाही, मी घातलं. आणि ज्या पोरीने धोका पहिल्यांदा ओळखला, तिलाच आपण मरणाचं कारण करून बसवलं. तू प्रेमाने म्हणालीस हे मला कळतं. तरी एकदा तिला फोनवर सांग की तसं नव्हतं. माझ्याकडून ऐकून तिचं समाधान झालेलं नाही, तुझ्यावर तिचा जास्त विश्वास आहे.

त्याला आता दोन महिने झाले. पाणी चार वेळा बदललं, पंप बेडरूमच्या बाजूला हलवला, फवारा घरातून गेला आणि खिडक्यांना जाळ्या आल्या. टाकीत सध्या त्या तीन गोगलगायीच आहेत. लेकीने माझी वही ताब्यात घेतलीये. रोज तापमान आणि खारटपणा लिहिते. मागच्या पानावर तिने पट्टीने रेघा मारून तक्ता केलाय: नाव, तारीख, कारण. पहिल्या चारही ओळींत कारणाच्या रकान्यात एकच वाक्य आहे, "बाबांनी स्प्रे मारला." पाचव्या ओळीत झाडूवालीच्या नावापुढे जागा पुरली नाही म्हणून नुसतं "बाबा" लिहिलंय.