मुठीतले शिक्षण

कलाशाखेच्या विद्यार्थ्याचा आणि शिकारीच्या सुऱ्याचा संबंध काय, असे कोणीही विचारील. आपण कविता-कादंबऱ्या वाचणारी माणसे. लोखंड, लाकूड आणि शिंग हे पलीकडच्या आळीतल्या कारागिरांचे काम! नेमकी हीच समजूत मला खोडून काढायची आहे. माझे आजोबा लोहार होते. त्यांच्या भात्याशेजारी बसून जे शिकलो ते वर्गातल्या शिक्षणाहून हलक्या प्रतीचे आहे, असे मला कधीच वाटले नाही.

उदाहरण मात्र दूरचे घेतो, फिनलंडचे. तेथे ‘पूक्को’ नावाचा आखूड सुरा शिकारी, कोळी आणि सुतार पिढ्यान्‌पिढ्या कमरेला लावत आले. त्याची मूठ बर्चच्या लाकडाची आणि पुष्कळदा तिच्या टोकांना रेनडिअरचे शिंग. मराठीत म्हशीचे आणि सांबराचे, दोन्ही शिंगेच. पण घडवणाऱ्याच्या हाताला फरक कळतो. म्हशीचे शिंग नखाच्या जातीचे, तापवले की वाकणारे. रेनडिअरचे किंवा सांबराचे शिंग म्हणजे प्रत्यक्ष हाड. रेनडिअरचे तर दरवर्षी गळते आणि नवे उगवते. त्याचा बाहेरचा थर टणक, आतला गाभा जाळीदार. म्हणून कापायचे कोठे, हे गाभा पाहूनच ठरवावे लागते. गाभा उघडा राहिला तर तेथे ओल मुरते.

पात्याची कथा वेगळी. पोलाद लाल तापवायचे. लोहचुंबक त्याला चिकटेनासे झाले की थोडी अधिक आच देऊन तेलात बुडवायचे. आता ते कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळ. मग घासून उजळायचे आणि पुन्हा सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचे. पेंढ्यासारखा फिकट पिवळा रंग चढला की थांबायचे. आपले लोहार याला ‘पाणी देणे’ म्हणतात. हे ज्याने डोळ्यांनी पाहिले, त्याला ‘पाणीदार’ या शब्दाचा अर्थ कोशात शोधावा लागत नाही!

मूठ बसवताना लाकडाच्या आणि शिंगाच्या तुकड्यांना भोक पाडून ते पात्याच्या मागच्या निमुळत्या दांडीवर ओवतात. मध्ये चामड्याची किंवा बर्चच्या सालीची चकती घालतात. लाकूड दमट हवेत फुगते, कोरड्या हवेत आकसते. शिंग त्याच मापाने हलत नाही. दोघांचे भांडण ती मऊ चकती सोसते. शेवटी दांडीचे टोक ठोकून पसरवायचे, कानशीने आकार द्यायचा (शिंगाची धूळ छातीला वाईट, म्हणून नाकाला फडके बांधून) आणि जवसाचे तेल पाजायचे. सांगा, यात पदार्थविज्ञान नाही काय? सौंदर्यदृष्टी नाही काय?

फिनलंडने हे वेळीच ओळखले. ऊनो सिग्नेउस यांच्या आग्रहाने १८६६ मध्ये तेथील ग्रामीण लोकशाळांत मुलग्यांना हस्तव्यवसाय सक्तीचा झाला. पुढे स्वीडनमधील नेस येथे ऑटो सालोमोन यांनी शिक्षकांना हेच शिकवले. त्यांच्या क्रमात पहिले हत्यार होते सुरी. उद्देश सुतार तयार करण्याचा नव्हता. माणूस घडवण्याचा होता. आणि आपल्याच वर्ध्याला १९३७ मध्ये गांधीजींनी नयी तालीम मांडली, तीही हस्तोद्योगातून शिक्षण देणारी. आपण तिचे काय केले? परीक्षेत पाच गुणांची टीप लिहिली!

कोणी म्हणेल, शिकारीचा सुरा म्हणजे हिंसेचे कौतुक. मला तसे वाटत नाही. पण देश बदलला की नियमही बदलतो, हे मान्य केले पाहिजे. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि जपून ठेवण्याच्या वन्यप्राण्यांच्या अवशेषांत त्याने शिंगाचे नाव घातलेले आहे. आजीच्या फडताळात उगाळायला सांबरशिंग असे, तो काळ गेला. अभयारण्यात गळून पडलेले शिंगही जागच्या जागी राहू द्यावे. आपल्या मुठीला शिसव आहे, बाभूळ आहे, पाळीव म्हशीचे शिंग आहे. कारागिरी वस्तूच्या दुर्मिळतेत नसते. हाती आलेल्या वस्तूचा स्वभाव ओळखण्यात असते.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने व्यवसायशिक्षणाला अभ्यासक्रमात जागा दिली आहे. माझी भीती एवढीच, की त्याचेही प्रमाणपत्र होईल आणि काम राहून जाईल. मित्रहो, आपण मागणी करू या ती ऐरणीची, कानशीची आणि गावातल्या लोहाराला गुरुजी म्हणून मानाने वर्गात आणण्याची. ज्या शाखेच्या नावात ‘कला’ आहे, तिला हातांची लाज वाटावी, याहून मोठा विरोधाभास दुसरा कोणता?