जुने खांब आणि नवे पाय

हॉकी म्हटलें कीं आपल्यापुढें हिरवें मैदान उभें राहतें. परंतु अमेरिका व कॅनडा या देशांत ह्या नांवाचा जो खेळ लोकप्रिय आहे तो बर्फावर, पायांत पोलादी पात्यांचे जोडे घालून खेळतात. गोलरक्षकासह सहा गडी खेळांत असतात, आणि वेग इतका कीं सुमारें पाऊण मिनिटांत गडी दमून बाहेर येतो व दुसरा आंत जातो. ह्या खेळांतील एका संघाची हकीकत एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांनीं ध्यानांत घेण्यासारखी आहे.

न्यूयॉर्कच्या रेंजर्स संघानें १९९४ सालीं, ५४ वर्षांच्या खंडानंतर, स्टॅन्ली चषक जिंकला. पुढें संचालकांनीं ठिकठिकाणचे नामांकित, वयानें पोक्त गडी भरमसाट वेतन देऊन आणिले. परिणाम असा कीं १९९८ पासून २००४ पर्यंत लागोपाठ ७ हंगाम ह्या धनाढ्य संघास बाद फेरींत प्रवेशही मिळाला नाहीं. वेतन दिलें जात होतें तें मागील पराक्रमाबद्दल. सामना मात्र आजच्या पायांनीं जिंकावयाचा होता.

२००४ च्या मार्चांत संघानें दिशा पालटली. १९९४ च्या विजयाचा एक आधारस्तंभ ब्रायन लीच यासही निरोप दिला, आणि वडीलधाऱ्या गड्यांच्या मोबदल्यांत तरुण गडी व नवोदितांच्या निवडीचे हक्क घेतले. पुढचा हंगाम वेतनाच्या तंट्यांत बुडाला. २००५ सालीं प्रत्येक संघाच्या वेतनखर्चास ३ कोटि ९० लक्ष डॉलरांची मर्यादा पडली. नवख्यांचें वेतनही मर्यादित असल्यामुळें त्यांस अधिकच महत्त्व आलें. शिवाय धांवत्या गड्यास अडविणारांस कडक शिक्षा होऊं लागली. अशा रीतीनें हिशेब व नियम हे दोन्ही तारुण्याच्या बाजूस आले.

२००५-०६ च्या हंगामांत २३ वर्षांचा नवखा गोलरक्षक हेन्रिक लुंडक्विस्ट पुढें आला, आणि संघ बाद फेरींत परतला. परंतु एवढेंच सांगून थांबणें न्यायाचें नव्हे. त्या हंगामांत ५४ गोल करणारा यारोमिर यागर तिशी उलटलेला, मोठ्या वेतनाचा गडी होता. त्यास संघानें राखिलें होतें. बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यांत तो जायबंदी झाला, आणि न्यू जर्सीच्या संघापुढें रेंजर्सना चारांपैकीं एकही सामना जिंकतां आला नाहीं.

आपल्या शास्त्रकारांचा अंधपंगुन्याय प्रसिद्धच आहे: पाय एकाचे, डोळे दुसऱ्याचे, तेव्हांच वाट सरते. आम्हां साठी उलटलेल्यांनीं घरांतील प्रत्येक किल्ली कमरेस बांधून ठेविली, तर रेंजर्सचे ते ७ हंगाम आपल्याही घरीं येतील. मुलासुनांनीं कारभार हातीं घ्यावा. मात्र घरांत एखादा यागर अवश्य राखावा. आणि त्या यागरानेंही केवळ मानाच्या पाटावर न बसतां, झेपेल तेवढें काम उचलावें.