उपवासाचा गर्व आणि बेनेडिक्टचा नियम

प्रायश्चित्तकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो आणि ईस्टरला संपतो. मधले रविवार वगळले, की हे 40 दिवस भरतात. येशूने अरण्यात केलेल्या 40 दिवसांच्या उपवासाचे ते स्मरण. प्रार्थना, उपवास आणि दानधर्म ही या काळातली साधना. पण तिन्हींच्याही वाटेत एकच खड्डा आहे : उपवास निभावला, की उपवासाचाच गर्व चढतो. म्हणून कपाळाला राख लावली जाते त्याच दिवशी मिस्सामध्ये मत्तयच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय वाचतात. दान गाजावाजा न करता द्यावे, प्रार्थना दार लावून करावी, उपवास करणाऱ्याने तोंड धुऊन प्रसन्न दिसावे, असे येशू त्यात सांगतो.

या धोक्यावरचा सर्वात नेमका उपाय सहाव्या शतकात इटलीतल्या माँते कासिनो मठात लिहिला गेला. संत बेनेडिक्टच्या नियमावलीत 73 प्रकरणे आहेत. त्यातले 49वे, अगदी छोटे, प्रायश्चित्तकाळाविषयी आहे. खरे तर मठवासीयाचे सगळे आयुष्यच या काळासारखे असावे. पण तेवढे बळ थोड्यांपाशीच असते, म्हणून निदान या दिवसांत अन्न, पेय, झोप, बडबड आणि थट्टामस्करी यांत काहीतरी कमी करावे, तेही आनंदाने, असे बेनेडिक्ट म्हणतो. मग तो एक अट घालतो. काय सोडणार हे प्रत्येकाने आधी मठाधिपतीला सांगायचे आणि त्याच्या संमतीनेच करायचे. संमतीवाचून केलेले तप पुण्यात धरले जात नाही. ते उद्धटपणा आणि पोकळ बढाई ठरते. माणूस किती उपाशी राहिला यापेक्षा त्याने आपला हट्ट सोडला की नाही, हे इथे महत्त्वाचे आहे. या नियमावलीचे मोठेपण याच अटीत आहे.

सातव्या प्रकरणात नम्रतेच्या 12 पायऱ्या येतात. देवाचे भय ही पहिली. मनातले वाईट विचार मठाधिपतीपुढे उघड करणे ही पाचवी, आणि सर्वात अवघडही तीच. शेवटी भयाची जागा प्रेम घेते आणि चांगले वागणे अंगवळणी पडते. पावित्र्य म्हणजे बेनेडिक्टच्या लेखी हेच.

आजचा कॅथलिक नियम सौम्य आहे. सक्तीचा उपवास राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोनच दिवशी, तोही 18 ते 59 या वयातल्यांना. मांस वर्ज्य करण्याचा नियम 14 वर्षे पूर्ण झाल्यापासून. त्यामुळे उरलेल्या दिवसांत काय करायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते, आणि स्वतःच्या मर्जीने ठरवलेल्या व्रतातच अहंकार सहज शिरतो. पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी येतो, तो याच अहंकाराला वाकवण्यासाठी. 2013 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन कैद्यांचे पाय धुतले. त्यांत मुली होत्या, मुसलमानही होते.

यंदा व्रत धरणाऱ्यांनी ते मनातल्या मनात ठरवू नये. आपल्या धर्मगुरूंना आधी सांगावे, आणि त्यांनी ते कमी करायला किंवा बदलायला सांगितले तर तसेच करावे.